पान ६१ : एका उसन्या पुस्तकाचं प्रकरण

आमचा वाचकगट अकरा जणांचा. महिन्यातून एकदा भेटायचं, प्रत्येकाने आपलं एक आवडतं पुस्तक आणायचं, त्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं आणि ज्याला ते वाचावंसं वाटेल त्याने घरी न्यायचं, एवढीच आमची रीत. मी तारखा ठरवते आणि कोणाचं पुस्तक कोणाकडे आहे याची वही ठेवते. हे प्रकरण त्या वहीतल्या एका नोंदीचं आहे. एका काकांनी गटातल्या एका तरुण मुलीला कादंबरी दिली आणि ती पाच महिने परत आली नाही. ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या पाच महिन्यांत आमच्याकडे पुस्तकं हातोहात फिरणं जवळजवळ थांबलं आणि रोज वाचणारी एक मुलगी वाचायचीच बंद झाली. म्हणून हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

दोघांनाही विचारून लिहिते आहे. त्यांची नावं आणि कादंबरीचं नाव गाळलं आहे. कादंबरी चांगली की सुमार हा इथे प्रश्नच नाही. नाव सांगितलं की सगळं बोलणं तिकडेच वळेल.

ते दोघं

काका चौसष्ट वर्षांचे. हळू वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. आवडलेल्या ओळीखाली रेघ, समासात एखादा शब्द आणि पहिल्या कोऱ्या पानावर वाचायला घेतल्याची तारीख, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. एखादं वाक्य मनात भरलं की ते दोनदा वाचून दाखवतात आणि दुसऱ्यांदा वाचताना आवाज हळू करतात. गटात सगळ्यात जास्त वाचन त्यांचं, त्यामुळे बोलायला सुरुवात नेहमी त्यांनीच करायची हे कोणी न ठरवताच ठरून गेलं होतं.

ती सव्वीस वर्षांची. कामावर जाता-येता प्रवासात वाचते. शोधकथा, रहस्यकथा, कधी साहसकथा. आठवड्याला एक पुस्तक सहज हातावेगळं करायची. गटात आल्यावर पहिल्याच बैठकीत तिने एका शोधकादंबरीबद्दल इतकं रंगून सांगितलं की तिघांनी लगेच नंबर लावला. काका तर भारावूनच गेले. इतक्या जीव लावून वाचणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, असं मला म्हणाले.

पुढच्या बैठकीला ते खास तिच्यासाठी एक पुस्तक घेऊन आले. जुनं, कव्हर घातलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्या हातात देताना म्हणाले, "माझं सगळ्यात जवळचं पुस्तक आहे हे. तुला आवडणारच."

मी ते वाक्य तेव्हाही ऐकलं होतं, पण त्याचं वजन मला फार उशिरा कळलं. 'आवडेल' म्हटलं असतं तर तो अंदाज ठरला असता, आणि अंदाज चुकला तरी चालतो. त्या 'च'ने पुस्तकाबरोबर एक जबाबदारीही दिली.

पाच महिने

पहिल्या महिन्यात तिने सांगितलं, "सुरू केलंय काका." दुसऱ्या महिन्यात, "थोडं राहिलंय." तिसऱ्या बैठकीला ती आलीच नाही, काम निघालं म्हणाली. चौथ्या बैठकीला आली तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग, आवडलं का?"

"खूप," ती म्हणाली. मग दोन-तीन मिनिटं बोलली. नायकाचा एकाकीपणा, बदलता समाज, लेखकाची संयत शैली. चुकीचं काहीच नव्हतं, पण आधीच्या बैठकीत शोधकादंबरीबद्दल बोलताना जी मुलगी हात हलवत, अडखळत, मधेच "नाही नाही, थांबा, त्याआधी एक सांगते" असं म्हणत होती, ती या बोलण्यात कुठेच नव्हती. काकांनी एवढंच विचारलं, "आणि ते पत्र? त्याचं काय वाटलं तुला?"

तिने खाली बघितलं. "हो, तेही छान होतं."

"बरं," काका म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पाचव्या बैठकीला ती आली नाही. काका आले, पण रिकाम्या हाताने. एवढ्या काळात असं कधीच झालं नव्हतं. बाकीच्यांनी आणलेली पुस्तकं बघितली तर सगळी नावाजलेली, ज्यांच्याबद्दल कोणाचं दुमत होणार नाही अशी. त्या रात्री वही उघडली. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. कोणी काय आणलं, कोणी काय नेलं, परत करताना काय म्हणाले. 'छान', 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं'. 'मला नाही आवडलं' अशी एकही नोंद सापडली नाही. 'अर्धं सोडलं' अशीही नाही. अकरा माणसं, दोन वर्षं आणि एकानेही एकही पुस्तक अर्ध्यात सोडलं नाही? हे शक्यच नव्हतं. म्हणजे तिने जे केलं ते आम्ही सगळेच करत होतो. ती फक्त पकडली गेली.

तिचं म्हणणं

मी तिला फोन केला. पुस्तकाची आठवण करायला केलेला नाही, हे आधीच सांगितलं. जरा वेळाने ती मोकळी झाली. एकसष्टाव्या पानावर थांबली होती.

"पुस्तक वाईट नाही ताई. पण मला त्यात शिरताच येत नाही. आणि काकांनी ठिकठिकाणी रेघा मारल्यात ना. एका ओळीखाली दोन रेघा आहेत आणि बाजूला लिहिलंय, 'हेच!' ती ओळ मी चारदा वाचली. काहीच झालं नाही मला. मग वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे."

पुढे ती जे म्हणाली त्याने मला धक्का बसला. ते पुस्तक रोज तिच्या पिशवीत असायचं. रोज जाताना बरोबर, येताना बरोबर. आणि ते संपवल्याशिवाय दुसरं कसं उघडायचं, म्हणून तिने दुसरं काहीच वाचलं नव्हतं. आठवड्याला एक पुस्तक संपवणारी मुलगी चार महिने प्रवासात मोबाइल बघत बसत होती.

खोटं बोलणं, काकांचं मन दुखावणं, हे सगळं झालंच. पण माझ्या मते या प्रकरणातलं खरं नुकसान हे होतं. प्रेमाने दिलेल्या एका पुस्तकाने तिचं वाचन अडवलं होतं आणि आमच्या गटात ते सांगायला जागाच नव्हती.

काकांचं म्हणणं

काकांकडे जाताना मनात धाकधूक होती. ते रागावलेले नव्हते, दुखावले होते. "नाही आवडलं तर सांगायचं ना. मी काय खाणार होतो तिला?"

मी विचारलं, "काका, तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाईट वाटलं असतं. खूप."

ते हे प्रामाणिकपणे बोलले म्हणूनच पुढचं सगळं होऊ शकलं. आवडतं पुस्तक देणं म्हणजे आपल्या आतलं काही उघडं करून समोरच्याच्या हातात ठेवणं. ते परत आलं की 'पुस्तक आवडलं नाही' एवढंच आपल्याला ऐकू येत नाही. 'तुम्हाला ज्याने हलवलं त्याने मला नाही हलवलं', असंही ऐकू येतं. देणाऱ्याला ते लागतं, घेणाऱ्याला ते आधीच कळतं, म्हणून घेणारा खोटं बोलतो. इथे दोघांपैकी कोणीच वाईट वागलं नव्हतं.

नेमकं कुठे चुकलं

ग्रंथालयशास्त्रात हे प्रश्न नवीन नाहीत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला पूर्वी ही दोन्ही एकच वाटायची, वाक्य उलटंसुलटं केल्यासारखी. या प्रकरणानंतर फरक कळला. काका तिसऱ्या सूत्राच्या बाजूने निघाले होते. त्यांच्याकडे एक लाडकं पुस्तक होतं आणि त्याला वाचक हवा होता. ती दिसली, उत्साही दिसली, तिच्या हातात दिलं. दुसऱ्या सूत्राने निघाले असते तर आधी तिच्याकडे बघावं लागलं असतं: ही काय वाचते, त्यात हिला काय मिळतं?

त्या शोधकादंबरीबद्दल ती दहा मिनिटं बोलली होती, उत्तर त्यातच होतं. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची एक मांडणी आहे की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, स्थळकाळ आणि भाषा. बहुतेक पुस्तकांत चारही असतात, पण एखादं दार मोठं असतं, एखादं अगदी खिडकीएवढं. आणि प्रत्येक वाचकाचंही एखादं सवयीचं दार असतं. तिचं दार गोष्टीचं. पुढे काय होणार, हे तिला ओढून नेतं. काकांचं दार भाषेचं. एका वाक्यावर ते अर्धा तास थांबू शकतात. त्यांनी दिलेल्या कादंबरीचं भाषेचं दार हत्तीसकट आत जाईल एवढं आणि गोष्टीचं जेमतेम फटीएवढं. तिला आत शिरता येईना यात तिचं काहीच कमी नव्हतं.

पर्ल यांचा आणखी एक नियम आहे, पन्नास पानांचा. वय पन्नासच्या आत असेल तर पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत आणि तोवर पकड घेतली नाही तर खुशाल बाजूला ठेवावं. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करावं आणि उरतील तेवढीच पानं द्यावीत, कारण हातात वेळ कमी असतो. या हिशेबाने काकांच्या वाट्याला ३६ पानं येतात. तिने एकसष्ट दिली होती. जेवढी द्यायची त्याहून अकरा जास्त.

दुसरी चूक प्रश्नाची. 'आवडलं का?' ऐकणाऱ्याला ती चौकशी वाटते, पण आपल्या माणसाने विचारलं की त्याला एकच उत्तर उरतं. मुलांच्या वाचनावर आयुष्यभर काम केलेले इंग्लंडमधले एडन चेंबर्स यांचे चार साधे प्रश्न मला इथे फार उपयोगी पडले: काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे बुचकळ्यात पडलात, आणि काही जुळणी दिसली का, म्हणजे पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारं काही? चारपैकी फक्त पहिल्याचं उत्तर कौतुकाचं आहे. उरलेले तीन माणसाला अडचण बोलून दाखवायची मुभा देतात. 'का?' हा प्रश्न ते टाळायला सांगतात, त्याऐवजी 'सांग ना' म्हणा म्हणतात. मराठीत तर 'सांग ना' हे किती सहज येतं. तरी आम्ही दोन वर्षं 'आवडलं का' यापलीकडे गेलो नाही.

तिसरी गोष्ट मला थोडी उशिरा लक्षात आली आणि तिची जबाबदारी माझी आहे. काका नेहमी आधी बोलायचे. २००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी गाण्यांवर एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी कलाकारांची ४८ गाणी, चौदा हजारांहून जास्त ऐकणारे. ऐकणाऱ्यांचे वेगवेगळे गट केले होते आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड करून घेतलं ते दिसायचं. एकाच गाण्याचं नशीब वेगवेगळ्या गटांत वेगवेगळं निघालं. सुरुवातीला जिकडे चार जण वळले, तिकडे पुढचे वळत गेले. आमच्याकडेही तेच होत होतं. काकांनी एखाद्या पुस्तकाला दाद दिली की त्याबद्दल वेगळं बोलणं जड जायचं. ते कोणावर दडपण आणत नव्हते. त्यांचा क्रम मात्र दडपण आणत होता आणि क्रम ठरवणं माझं काम होतं.

सहावी बैठक

दोघांशी आधी बोलून ठेवलं होतं. माफी मागणं, समजूत काढणं, असलं काही सगळ्यांसमोर करायचं नाही, एवढंच ठरलं. मी त्या दिवसापुरती पद्धत बदलली. पुस्तक आवडतं असो-नसो, सध्या जे हातात आहे ते आणायचं आणि कितव्या पानावर आहात तेवढं सांगायचं. मत द्यायचं नाही. हवं तर त्या पानावरच्या दोन ओळी वाचायच्या. काका सगळ्यात शेवटी.

पानाचा आकडा इतकं काही करू शकतो असं मला वाटलं नव्हतं. एक ताई म्हणाल्या, "पान ११२. तीन आठवडे तिथेच आहे." दुसरे एक जण म्हणाले, "मी दोन पुस्तकं एकदम वाचतोय, एक पान ३० आणि एक पान २०४, आणि दोन्हीतली माणसं माझ्या डोक्यात मिसळायला लागलीयत." आवडत्या पुस्तकावर आपण निकाल देऊन मोकळे झालेलो असतो. अर्धवट वाचलेलं पुस्तक अजून हलत असतं, त्याबद्दल बोलताना कोणी शहाणं नसतं.

तिची पाळी आली. तिने पिशवीतून काकांची कादंबरी काढली. "पान ६१," ती म्हणाली. "इथे थांबलेय. पुढे गेलेले नाही." मग त्या पानावरच्या काही ओळी वाचल्या. आवाज कापत होता. वाचून झाल्यावर म्हणाली, "वाक्यं सुंदर आहेत. पण मी इथे कशाची वाट बघायची, तेच मला कळत नाही."

कोणीच काही बोललं नाही. काकांनी हात पुढे केला, तिने पुस्तक दिलं. ते एकसष्टावं पान शोधू लागले, मग पुढे चाळत गेले, मग थांबले आणि पुन्हा मागे आले. पहिलं कोरं पान उघडून बघितलं. तिथे त्यांच्याच अक्षरात दोन तारखा होत्या, एक पेन्सिलीने, एक निळ्या शाईने, मध्ये सहा वर्षांचं अंतर. दुसरी तारीख दुसऱ्या वाचनाची, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आता त्यांनी पुस्तक आम्हाला दाखवलं. पेन्सिलीच्या खुणा ७४व्या पानापर्यंत होत्या. त्यापुढे एकही नाही. ७५पासून शेवटापर्यंत सगळी निळी शाई.

"म्हणजे पहिल्यांदा मी सोडलं होतं हे," काका म्हणाले. "पार विसरलो होतो."

ती एकसष्टाच्या पुढे गेलीच नव्हती, म्हणून तिलाही ते दिसलं नव्हतं. 'हेच!' हा शेरा आता शोधून बघितला तर तोही निळ्या शाईत होता. पहिल्या वाचनात त्याच ओळीवरून काका पेन्सिल न टेकवता पुढे गेले होते.

गटातले एक जण लगेच म्हणाले, "बघ, म्हणजे तुलाही पुढे कधीतरी आवडेलच." काकांनी त्यांना थांबवलं. "तसं नको म्हणायला. नाहीही आवडणार कदाचित."

त्यानंतर

आता प्रत्येक बैठकीची सुरुवात पानांच्या आकड्यांनी होते. सुरुवात करणारा दर वेळी वेगळा. पुस्तक देताना 'आवडेलच' म्हणायचं नाही, आपण कोणत्या दाराने आत गेलो तेवढं सांगायचं. घेतलेलं पुस्तक महिन्याने परत, वाचलं असेल तरी आणि नसेल तरी, आणि त्यावर बोलायची सक्ती नाही. फ्रेंच लेखक डॅनियल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि दहावा वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा आहे. तिसरा आम्ही पटकन स्वीकारला. दहावा अवघड गेला, कारण आम्ही जमतोच मुळी बोलायला. पण तो मान्य केल्यावर जे बोललं जातं त्यावर माझा जास्त विश्वास बसायला लागला. वहीत आता 'सोडलं, पान ८८' अशा नोंदी आहेत. त्या वाचताना मला बरं वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सदस्याला हा बदल पटला नाही. त्यांचं म्हणणं, मी इथे चांगल्या पुस्तकांची नावं कळायला येतो, लोक कुठे अडकलेत ते ऐकायला नाही. त्यांचं चूक नव्हतं. अर्ध्या पुस्तकांच्या गप्पांत बैठक कधी संपते कळत नाही आणि भरून आलेल्या मनाने एखाद्या पुस्तकाबद्दल सांगायला निवांत वेळ उरत नाही. आवडत्या पुस्तकाबद्दल बोलणं ही वाचणाऱ्याची मोठी गरज आहे, ती दाबून चालणार नाही. म्हणून दर तिसरी बैठक जुन्या पद्धतीची ठेवली. तरी ते सदस्य यायचे थांबले ते थांबलेच. त्यांच्याशी मी आधीच बोलायला हवं होतं.

ती पुन्हा वाचायला लागली आहे, आठवड्याला एक नाही, पण वाचते आहे. त्या कादंबरीपुढे मी वहीत 'परत' लिहिलं. द्यायच्या आधी तिने काकांना विचारून एकसष्टाव्या पानाच्या समासात बारीक अक्षरात तारीख घातली आहे.

वहीत त्या नोंदीखालची ओळ तिच्या शोधकादंबरीची आहे. ती सध्या काकांकडे आहे. गेल्या बैठकीत ते चाळिसाव्या पानावर होते, म्हणजे त्यांच्या वाट्याची छत्तीस पानं उलटून गेली. पुस्तकाने अजून पकड घेतलेली नाही, असं त्यांनी तिला सांगितलं आणि एक महिना वाढवून मागितला.